बेडूक नसलेली विहीर

खोटं वाटेल, पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलंय. आणि मावशी म्हणजे राईचा पर्वत करणारी बाई नव्हे. शिवणकाम करते. बोलणंही मापात.

गेल्या पावसाळ्यातली, शनिवारची संध्याकाळ होती ती.

तिचं घर टेकडीच्या पायथ्याशी, मागे विहीर. काही वर्षांपूर्वी टेकडीवर कचरा डेपो आला. शेजारपाजारचे घरं विकून गेले. मावशी मात्र हलली नाही. कारण तिचा पाठचा भाऊ, म्हणजे आमचा मामा, त्याच डेपोवर सुपरवायझर होता.

"ताई, खाली जाड प्लास्टिक अंथरलंय. एक थेंब झिरपायचा नाही," असं त्याने सांगितलं होतं.

भावाच्या शब्दावर डोळे मिटून ती राहिली. पदरात एक लहान लेक, नवरा केव्हाच वारलेला.

आधी बगळे गेले. डेपोवरचं काहीबाही खाऊन फुगलेला एक बगळा अंगणात मरून पडला, तो शेवटचा.

मग विहिरीतले बेडूक गेले. धो धो पाऊस पडायचा आणि मागे चिडीचूप.

मावशीने विषय काढला तर मामा हसला. त्यांच्यामुळे तुला झोप लागत नव्हती ना, मग बरंच झालं, म्हणाला. लेकीचं पोट अधूनमधून दुखायचं. बाहेरचं खाते म्हणून तिलाच ओरडा बसायचा.

तर त्या संध्याकाळी मावशी मशीनवर बसली होती. दोरा संपला म्हणून थांबली, आणि...

डरांव.

तिला आनंदच झाला. बॅटरी घेऊन ती विहिरीवर गेली. आवाज बंद. एकही बेडूक नाही. पाण्यावर नुसता तेलकट तवंग.

ती घरात आली. आता आवाज येत होता... स्वयंपाकघरातून.

विहिरीवरून भरलेल्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपातून.

तिने झाकण काढलं. पाणी स्तब्ध. तळ स्वच्छ दिसत होता. झाकण ठेवलं...

डरांव... डरांव.

तिने झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं. लेक मात्र गृहपाठातून मानही वर न करता म्हणाली, "आई, ते रोजच ओरडतात. तुला मशीनमुळे ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवशी मामा आला. मावशीने मुद्दाम पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याने हातात घेतला, आणि ग्लासातून...

डरांव.

मामा दचकला नाही. कसला आवाज, असं विचारलंही नाही. ग्लास खाली ठेवून त्याने पिशवीतून आपली बाटली काढली. पोट नाजूक आहे म्हणत तो नेहमीच ती आणायचा. मावशी त्याला नवाब म्हणून चिडवायची. आत्ता ती त्या बाटलीकडे बघतच राहिली.

"तुला हा आवाज माहीत आहे," ती म्हणाली.

"डेपोवरच्या काळ्या डबक्यातूनही येतो," मामा मान खाली घालून म्हणाला. "तिथे जिवंत असं काहीच नाही. तरी येतो."

"आणि ते प्लास्टिक?"

"केव्हाच फाटलंय, ताई. बोललो असतो तर नोकरी गेली असती."

भाची हेच पाणी पिताना तो समोर बसून बघत होता. परक्याने केलं असतं तर मावशी कडाकडा भांडली असती. पाठच्या भावानेच केसाने गळा कापला, तिथे काय भांडणार? तिने नुसतं दाराकडे बोट दाखवलं.

थोड्याच दिवसांत तिने ते घर सोडलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या दोन खोल्या, नळाचं पाणी. सगळं शांत झालं.

मग एका दुपारी लेक झोपली होती. मावशी पांघरूण घालायला वाकली, आणि...

लेकीच्या पोटातून. अगदी बारीक.

डरांव.

 तेवढ्यात मामाचा फोन आला. इतके दिवस ती उचलत नव्हती. त्या दिवशी उचलला आणि लेकीच्या पोटाशी धरला. आवाज येतच होता.

"ऐकलंस?" तिने विचारलं.

 मामा कापऱ्या आवाजात म्हणाला, "नाही ताई. मला तर काहीच ऐकू येत नाही."

डॉक्टरांनाही काही सापडत नाही. मावशी मात्र रोज लेक झोपली की तिच्या पोटाला कान लावून बसते. मागच्या आठवड्यात मी गेलो, तर मला म्हणाली, "बघ बरं, तुला येतोय का?"

मी कान लावला...

तिला काय सांगायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.