जुना माल आधी

बसा ना, उभे का? वीज येईपर्यंत हा दिवा पुरे होईल. वात मुद्दामच बारीक ठेवलीय. फार उजेड आता या घराला सोसत नाही.

तर तुमचं म्हणणं असं, की रविवारी दुपारी आमच्या मजल्यावरून लहान मुलीचं रडणं ऐकू येतं. तुमची सून बाळंतीण आहे, तिची झोप मोडते. तुम्ही भांडायला आला नाहीत, विचारायला आलात, हा तुमचा चांगुलपणा. तुमच्या आधीचे भाडेकरू न विचारताच गेले. चहा घ्या, निवेल.

आमच्या घरात लहान मूल नाही. होतं. चिमी म्हणायचो तिला. सातवं लागलं होतं आणि तापाचं निमित्त झालं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी सांगतो ते शेवटपर्यंत ऐका, मग वेडा म्हणायचं तर खुशाल म्हणा.

मी कारखान्यात स्टोअरकीपर. सगळा जन्म मालाच्या रॅकांमधून फिरण्यात गेला. आमच्या धंद्यात एकच धर्म असतो, जुना माल आधी बाहेर. नवा आला की मागे सरकवायचा आणि जुना पुढे घेऊन संपवायचा. नाहीतर रंग डब्यात घट्ट होतो, रबर तडकतं. घरातही माझं तसंच. साबणाची वडी घेतली तरी मी तारीख बघून घेणार. ही मला हसायची. 'उद्या मलाही जुना माल म्हणून आधी बाहेर काढाल,' म्हणायची.

चिमीचे फोटो मीच काढायचो, त्यामुळे एकाही फोटोत मी नाही. सगळीकडे ती आणि तिची आई. ते सगळं मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर होतं. ती गेल्यावर ही त्या खोलीत पाऊल टाकेना. मी मात्र दर रविवारी जेवण झालं की तिथे जाऊन बॅकअप घ्यायचो. बॅकअप म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातल्या सगळ्याची एक मोठी फाइल करून बाहेरच्या डिस्कवर ठेवायची. न चुकता घ्यायचो. उघडून मात्र एकदाही बघितली नाही. बघायचा धीर नव्हता, आणि माल रॅकवर आहे एवढ्यावर स्टोअरकीपरचं समाधान होतं.

मग एका रविवारी डिस्क भरली. जागा करायला मी सगळ्यात जुनी फाइल काढून टाकली. शिस्त ती शिस्त.

ही त्यानंतर कितीतरी महिन्यांनी एकदा ताट वाढता वाढता थांबली. म्हणाली, "अहो, मला तिचा आवाज आठवेनासा झालाय."

मी तिच्या हातातली पळी घेऊन खाली ठेवली.

"चेहरा येतो डोळ्यांपुढे. आवाज येत नाही. तो साबणाच्या फुग्यांचा व्हिडिओ आहे ना? मला एकदा ऐकवा. मग पुन्हा नाही मागणार."

मी उठलो आणि कॉम्प्युटर सुरू करायला गेलो. आतून नुसतं टक… टक… टक… वाजलं आणि पडदा काळाच राहिला. आतली डिस्क गेली होती. मनात म्हटलं, हरकत नाही, बॅकअप आहे.

पुढच्या रविवारी मेहुणा जेवायला आला. हिचा धाकटा भाऊ. कॉम्प्युटर दुरुस्त करणं हेच त्याचं पोट. दुपारचं आभाळ भरून आलेलं, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, तापलेल्या धुळीचा वास. त्याने नवी डिस्क बसवली, माझ्या बॅकअपच्या फाइली बघितल्या आणि माऊसवरचा हात काढला.

"भाऊजी, पहिली फाइल कुठंय?"

"काढून टाकली. जुनी झाली होती."

"अहो, सगळं पहिलीतच असतं. नंतरच्या फाइलींत फक्त त्या आठवड्यात जे बदललं तेवढंच जातं. पाया काढलात तुम्ही."

"पण फोटो तर…"

"फोटो कुठे बदलले होते, भाऊजी?" तो हळूच म्हणाला. "नवे कुठून येणार होते?"

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते असं. त्याला माझी कीव आली असावी. म्हणाला, पुसलेलं लगेच जात नाही, त्याच जागी दुसरं काही लिहिलं गेलं तरच जातं. आणि मी तर त्यानंतरचे सगळे रविवार तिथे इमानाने लिहीत बसलो होतो. तरी त्याने एक प्रोग्राम लावला, आणि दिवेलागणीच्या सुमारास पहिल्या फाइलीचे उरलेसुरले तुकडे वर आले.

फोटो उघडले. पण वरचे अर्धेच. खाली नुसता राखाडी पट्टा, सिमेंटच्या गिलाव्यासारखा. आता लहान मूल म्हटलं की ते फोटोत खालीच असणार ना! वर हिचा हसरा चेहरा, आणि मांडीवर जिथे चिमी बसलेली, तिथे राखाडी. वेणी घालणारी ही, पुढे राखाडी. व्हिडिओत साबणाचा फुगा तरंगत वर येत होता, फुंकणारी दिसत नव्हती आणि आवाजाच्या जागी खरखर होती.

मागे काहीतरी हललं. ही दारात उभी होती, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. पडद्याकडे बघत म्हणाली, "मीच तेवढी शाबूत राहिले होय?"

त्याच वेळी पडद्यावर एक चौकट आली. बाकी सगळा प्रोग्राम इंग्रजीत, हा एकच प्रश्न आपल्या भाषेत. 'इथला तुकडा गेला आहे. शेजारचा घेऊन भरू का?' खाली हो आणि नाही.

मेहुणा पुढे झुकला. "हे… हे याच्यात नसतं." त्याने नाही दाबलं. चौकट पुन्हा आली. त्याने सरळ कॉम्प्युटर बंद केला. "तुम्ही हात लावू नका. पुढच्या रविवारी दुसरा प्रोग्राम आणतो. ताई, ऐकलंस ना?"

ताईने मान हलवली. बायकांच्या त्या मान हलवण्याचा अर्थ भावाला कळत नाही, नवऱ्याला कळतो. तरी मी त्या खोलीला कुलूप घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर मागच्या खोलीचं दार सताड उघडं. आत खोकल्याच्या औषधाचा गोडसर वास भरला होता. चिमीला शेवटी शेवटी द्यायचो ते लाल औषध. बाटली तर केव्हाच टाकून दिलेली. ही खुर्चीत बसली होती आणि हसत होती. तिचं हसू मी विसरून गेलो होतो हो.

"बघा, आली."

पडद्यावर मांडीवर बसलेली चिमी. पुढचा पडलेला दात, गालाची खळी, फ्रॉकचं तुटलेलं बटण, सगळं जागच्या जागी. मला रडू कोसळलं. डोळे पुसून पुन्हा बघितलं तेव्हा वर लक्ष गेलं. हिच्या चेहऱ्याच्या जागी राखाडी होतं.

"अगं, पण तू…"

"मला मेलीला काय करायचंय? मी आहे की इथे."

बरोबरच होतं तिचं. हाडामांसाची बायको समोर बसलेली असताना तिच्या फोटोसाठी कोण रडणार? आठवडाभर मी कामावर गेलो की ती हो दाबत बसायची. रोज संध्याकाळी चिमी थोडी जास्त आलेली असायची. पण घरात काहीतरी उणं पडत चाललं होतं. रोजचा भाजीवाला हिच्यावरून नजर नेऊन विचारायचा, 'घरात कोणी आहे का?' एकदा स्टोअरमध्ये डबा उघडताना मनात आलं, हिचा चेहरा कसा आहे? आठवेना. नाक, डोळे, काहीच येईना. घास हातात धरून मी तसाच बसून राहिलो.

रविवारी मेहुणा आला. दार हिनेच उघडलं. त्याने तिच्याकडे बघितलं, ओळख नसलेल्या माणसाकडे बघून हसतात तसा हसला आणि मला म्हणाला, "भाऊजी, पाहुणे आलेत वाटतं?"

मला वाटलं चेष्टा करतोय. ही त्याच्यासमोर उभी राहिली. "अरे, मी… तुझी ताई…"

"माफ करा हं, मी ओळखलं नाही." तो गोंधळून माझ्याकडे वळला. "कोण या?"

"तुझी बहीण."

"मला कुठली बहीण, भाऊजी?"

"मग मला भाऊजी का म्हणतोस?"

तो विचारात पडला. मनापासून आठवून बघत होता. मग ओशाळं हसला. "सवय असेल." कपाळावर घाम आला होता त्याच्या. चहासुद्धा न घेता गेला, तो पुन्हा आला नाही.

ही भिंतीला टेकून खाली बसली. मी मागच्या खोलीत धावलो आणि बॅकअपची डिस्क उपटून काढली. ती खिशात घालत होतो, तेव्हा हिने माझा हात धरला. हात थंड होता, आणि हलका.

"आवाज राहिलाय," ती म्हणाली.

"पुरे झालं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतेस. त्या व्हिडिओत तुझाही आवाज आहे, माहीत आहे ना? शेजारचा घेऊन भरणार तो."

"घेऊ दे."

"आणि मी? मला कोण आहे?"

"अहो, तुम्ही ऐकाल ना तिला. माझ्या वाटचंही ऐका…"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगू? मलाही ऐकायचं होतं. तिच्याइतकंच. मी डिस्क परत लावली आणि हो मीच दाबलं.

टक… टक… टक… तो गोड वास इतका दाटला की श्वास घेववेना. मग व्हिडिओ सुरू झाला. खिडकीतलं ऊन, साबणाच्या पाण्याची वाटी, गाल फुगवून फुंकणारी चिमी. आणि आवाज. जिवंत, घोगरा, थोडा चिरका. "आई, बघ ना! फुटलाच नाही!"

हिने दोन्ही हात तोंडावर दाबले. मी हुंदके देत होतो. इथे व्हिडिओत हिचं उत्तर होतं. मला तोंडपाठ होतं ते. 'बघितला गं बाई, आता आत ये, दूध निवतंय.' मग चिमी हसायची आणि व्हिडिओ संपायचा.

उत्तर आलं नाही.

चिमी थांबली. फुगा फुटला. तिने पुन्हा हाक मारली, "आई?" असं त्यात नव्हतं. मी स्वतः काढलेला व्हिडिओ, असं त्यात कधीच नव्हतं. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग तिचा ओठ वाकडा झाला आणि ती सरळ माझ्याकडे, कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली, "बाबा… आई कुठंय?"

ही पडद्यावर झेपावली. तोंड उघडून ओ देत होती, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. आवाज म्हणून बाहेर काही येत नव्हतं. चिमी हाका मारत होती, आणि तिची आई तिच्यापासून वीतभर अंतरावर उभी राहून ओ देत होती, आणि एकीचं दुसरीला ऐकू जात नव्हतं.

पोरीसाठी एवढं केलं आणि शेवटी पोर पोरकी झाली.

कॉम्प्युटरची वायर मी त्याच दिवशी काढली. ती बघा, त्या खिळ्याला टांगलीय. तरी रविवारी, बॅकअपची वेळ झाली की आतून टक टक सुरू होतं आणि चिमी हाका मारायला लागते. तेच तुमच्या सुनेला ऐकू येतं. डिस्क फोडावी म्हटलं तर हात उचलत नाही. आत एक आहे की दोघी, मला ठाऊक नाही. ही जाते धावत, दारात उभी राहून तोंड हलवत राहते. अलीकडे मलाही ती समोरून दिसत नाही. पाठमोरी दिसते, किंवा डोळ्याच्या कोपऱ्यातून. कधी नुसती पातेल्याची हालचाल होते, पडदा सरकतो. तिला आवडायचं माणसांचं येणंजाणं. आल्यागेल्याला चहा दिल्याशिवाय सोडायची नाही.

हे काय, उठलात? बसा ना. तुम्ही आलात तसा मी या खुर्चीतून हललेलो नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? दारही मी उघडलं नाही.

तो कप असा घाईने खाली ठेवू नका. हातातच असू द्या. ती उभी आहे तुमच्या बाजूला, न्यायला.