थांबवलेली गोळी

"भरती केलं तेव्हापेक्षा आज हिच्या रक्तात ते औषध जास्त आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "थांबवलेलं औषध वाढतं कसं?"

नवरा काचेकडे वळला. काचेपलीकडे त्याची बायको पडली होती. ओठ फुटलेले, पापण्या चिकटलेल्या. चादर बदलताना पाठीची कातडी सुटून येत होती. फीट थांबावी म्हणून सुरू केलेल्या गोळीनंच ही दशा केली होती. ती बंद करून दुसरी दिली. पुरळ जरा बसलं आणि इथे आल्यावर पुन्हा उसळलं.

"तुमचं औषधांचं दुकान आहे ना?"

"आहे."

"उरलेल्या गोळ्या कुठे गेल्या?"

"घरी केराच्या डब्यात टाकल्या. सासूबाईंसमोरच."

"हिला खायला काय देता?"

"सासूबाई घरून सूप आणतात, चमच्यानं पाजतात. पाणी मुकाट पिते, सूप मात्र कडू लागतं म्हणते. तोंड आलंय, त्यामुळे असेल."

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. संशय आपल्यावर आहे, हे त्याला उमगलं.

तेवढ्यात सासूबाई थर्मास घेऊन आल्या. "आज फीट नाही ना आली?"

"नाही. तो थर्मास द्या, तपासायला पाठवते."

सासूबाईंनी थर्मास छातीशी धरला.

डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, आम्ही दिलेल्या औषधांत ती गोळी नाही. बाहेरून येतं ते फक्त सूप. तोंड आल्यामुळे कडू लागतं म्हणावं, तर पाणीही लागलं असतं. आणि लेकीची कातडी सोलवटलीय, तरी तुम्ही रोज आधी फीटचंच विचारता. डब्यातल्या गोळ्या तुम्हीच काढल्यात ना?"

सासूबाई थर्मास मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. "नव्या गोळीवर ती न्हाणीघरात पडली. डोकं फुटलं. आधीच्या गोळीवर एकदाही फीट आली नव्हती. पुरळ काय, बसेल म्हटलं. कुटून घालत होते."

"फीटवर ती गोळी चांगलीच आहे. पण हिच्या अंगाला ती विषासारखी आहे. चमच्यागणिक तुम्ही हिला मरणाकडे ढकललंत."

"वाचेल ना?"

"आज सांगता येत नाही."

नवऱ्याच्या तोंडाशी शिवी आली होती, पण आतून क्षीण हाक आली. तो हातमोजे चढवून खाटेपाशी गेला.

"आई आली ना? आवाज ऐकला," ती पुटपुटली.

"आलीय. बाहेर बसलीय."

"तिला म्हणावं, भूक लागलीय."