निरोगी माणसाची नळी

“रक्त कधीही खोटं बोलत नाही!” मेंदूच्या डॉक्टरांनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. मग खुर्चीत बसले, घाम पुसला आणि आवाज उतरवून म्हणाले, “आज सकाळी मात्र बोललं.”

समोर गुप्तहेर वहिनी बसल्या होत्या. शेजारी त्यांचे धाकटे दीर, भावजी. भावजींचं काम संशय घेण्याचं. ते सगळ्यांचा घेत, आणि जो उरे त्याला वहिनी पकडत.

“अर्धांगाचा झटका दोन तऱ्हांनी येतो,” डॉक्टर सांगू लागले. “मेंदूत गुठळी अडकते, नाहीतर रक्तस्राव होतो. गुठळीचं औषध रक्तस्राववाल्याला दिलं तर माणूस गेलाच. माझी चाचणी थेंबभर रक्तावरून फरक सांगते. मेंदूला इजा झाली की एक प्रथिन रक्तात उतरतं. रक्तस्रावात लगेच आणि भरपूर.”

“इजा कशानेही झाली तरी?” वहिनींनी विचारलं.

“आमच्याकडे झटक्याचेच रोगी येतात,” डॉक्टर तुटकपणे म्हणाले. “त्यांच्या रक्ताच्या सगळ्या नळ्या स्कॅनशी तंतोतंत जुळल्या. तुलनेला निरोगी माणूस म्हणून सासऱ्यांचं रक्त घेतलं, तर यंत्र म्हणतं, रक्तस्राव! ते बाहेर पेपर वाचत बसलेत. हात वर करतात, सरळ हसतात. कुणीतरी नळी बदलली. उद्या तपासणी समिती येतेय. मला चोर हवा!”

“रक्त पुन्हा घेतलंत?”

“ठणठणीत माणसाला दोनदा टोचू?”

वहिनी टेबलावरचा फोटो बघत होत्या. डावीकडे भांग, चष्म्याच्या काडीला दोरा.

“हेच सासरे. मागच्या आठवड्यातला फोटो,” डॉक्टर म्हणाले. “तो दोरा माझ्या लग्नापासून आहे. नवा चष्मा घेणार नाहीत.”

रक्त काढणाऱ्या सिस्टर आल्या त्याच फणफणत. “नळीवर चिठ्ठी मी माणसासमोर लावते, नाव त्याच्याच तोंडून वदवून. उरलेल्या रक्ताचा गटही तपासला. सासरेबुवांचाच आहे, आणि असा गट आज दुसऱ्या कुणाचा नव्हता. अजून काय करू, शपथ घेऊ?”

“फार बोलते,” भावजी पुटपुटले. “संशयास्पद.”

सहायक डॉक्टर मात्र एक शब्द बोलायला तयार नव्हता. भावजींना ते त्याहून संशयास्पद वाटलं.

“सरांवर राग आहे?” वहिनींनी विचारलं.

“शोधनिबंधात माझं नाव पाचवं आहे. चौथं सरांच्या बायकोचं. त्या चित्रकला शिकवतात.” “पण चाचणी पडली तर माझीही मेहनत पाण्यात.”

सासरेबुवा बाहेरच्या बाकावर खिडकीकडे पाठ करून बसले होते. केस तेलाने चोपडून उजवीकडून भांग पाडलेला. चष्म्याच्या काडीवर दुकानाची चिठ्ठी तशीच.

“चहा घेणार?” वहिनींनी विचारलं.

“नको. मळमळतंय जरा. पित्त, दुसरं काय!”

“एकटेच राहता?”

“राहतो आणि राहणार! पोरगी म्हणते, पुन्हा धडपडलात तर घराला कुलूप आणि बाबा माझ्याकडे. अहो, तिच्याकडे टीव्हीचा रिमोटसुद्धा नातवाच्या परवानगीने मिळतो!”

वहिनींनी सगळ्यांना डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. भावजी सहायकाच्या पळवाटेवर, म्हणजे दारात, उभे राहिले.

“तिथून हला, भावजी. मी मागवलेली व्हीलचेअर आत येऊ दे. चोर नाहीच इथे.”

“मग नळी?”

“अदलाबदलीला दोन नळ्या लागतात. सासरेबुवांची नळी एखाद्या रोग्याच्या जागी गेली असती, तर तो रोगी यंत्राला ठणठणीत दिसला असता. तसा एकही नाही. रक्तगटही यांचाच. म्हणजे रक्त यांचं आणि यंत्र खरं बोलतंय.”

“अहो, पण झटका कुठंय?” डॉक्टर ओरडले.

“झटका कोण म्हणतंय? इजा म्हणतेय मी. दोऱ्यावर वर्षानुवर्षं चष्मा चालवणारा माणूस एकाएकी नवा घेतो, कारण जुना फुटतो. भांग उजवीकडे नेतो, कारण डावीकडे काहीतरी झाकायचं असतं. उजेडाकडे पाठ, मळमळ, चहा नको. आणि पडलोय म्हणावं तर राहतं घर जातं. बाबा, केस जरा बाजूला करता?”

सासरेबुवांनी छताकडे पाहिलं. मग हळूच केस सारले. डाव्या कानशिलावर लिंबाएवढं टेंगूळ होतं.

“परवा बल्ब बदलत होतो,” ते म्हणाले. “स्टूल हललं. माझी चूक नाही.”

डॉक्टर ताडकन उठले. सकाळपासून त्यांनी सगळ्यांच्या नजरा तपासल्या होत्या, सासऱ्यांचं डोकं सोडून. सहायक सासरेबुवांना व्हीलचेअरवर बसवून स्कॅनकडे धावला.

स्कॅनमध्ये कवटीखाली रक्ताची बारीक रेघ दिसली. वेळेत सापडली होती. औषधांवर भागेल, चारआठ दिवस इथेच डोळ्यांसमोर ठेवू, असं डॉक्टर म्हणाले, आणि सासऱ्यांच्या पायाशी बसले.

“जावईबापू,” सासरेबुवांनी त्यांचं मनगट धरलं. “तुमची चाचणी माझ्या टेंगळाने तारली. आता शब्द द्या. घर माझं राहील. एकटा माणूस व्यवस्थित राहू शकतो, हे पोरीला तुम्ही सांगायचं.”

“दिला शब्द,” डॉक्टर म्हणाले. “ बल्ब मात्र मी बदलणार.”

सासरेबुवांनी समाधानाने डोळे मिटले. मग एक उघडला.

“तेवढं आता कुणीतरी घरी जाऊन या. न्हाणीतला नळ बहुतेक चालू राहिलाय.”