विहिरीचा पहिला दगड

दगडाला कोण विचारतं, असं म्हणणाऱ्याने शहापूरला हेतलबेनच्या गोदामात एकदा डोकावून यावं. विहिरी खणताना, खाणी फोडताना काळ्या पाषाणाच्या पोटातून निघालेले स्फटिक तिथे कापसात निजलेले असतात, तान्ह्या बाळांसारखे. त्यांचे फोटो निघतात, मोबाइलवर लिलाव लागतो आणि परदेशातला कुठला कोण शौकीन त्यांच्यासाठी जीव टाकतो. हौसेला मोल नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

रंजिता तिथे चार वर्षं दगड पुसायची, फोटो काढायची. हात हलका आणि नजर पक्की. त्या मंगळवारी सकाळी तिला एकाच दगडाचा व्हिडिओ करायचा होता. संध्याकाळी त्याचा लिलाव.

मुठीएवढी नितळ गारगोटी, आणि तिच्या पोटात अडकलेला चिंचोक्याएवढा पाण्याचा थेंब. माणूस जन्मायच्या आधीचं पाणी, असं हेतलबेन म्हणायची. दगड कलंडला की थेंब आतल्या आत सरकायचा. तो रंजितानेच आणला होता, मुरबाडपलीकडच्या आपल्या वाडीतून. कसा आणला, ते मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

वाडीची रीत अशी, की विहिरीत झरा लागला की पहिला ओला दगड आतल्याच कोनाड्यात ठेवायचा. तो पाण्याचा धनी. त्याला वर आणायचं नाही. गेल्या उन्हाळ्यात विहीर खोल करायला उतरलेल्या बायकांत रंजिताही होती. कोनाड्यातला तो दगड पाहिला आणि पोरीची मती फिरली. दुसऱ्या दिवशी उतरताना तिने ओढणीत नदीचा गोटा बांधून नेला, तो कोनाड्यात ठेवला आणि धन्याला पळवलं. तिची आई जिवली वर्षभर काठावरून त्या गोट्याला हात जोडत राहिली.

आणि काल आईचा फोन आला होता. "विहीर आटली गो. माज्या जल्मात आटली नव्हती. उद्या दुपारी मी उतरते. वाटीवाटीनं भरीन." साठीची बाई, चाळीस हात खोल. रंजिताचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

तिने दगड फिरत्या थाळीवर ठेवला, मोबाइल लावला. थाळी फिरली, दगड फिरला. थेंब फिरला नाही. तो खिडकीच्या बाजूलाच चिकटून राहिला. तिने दगड उलट्या बाजूला कलता धरला. थेंब उतारावरून वर चढला आणि पुन्हा खिडकीकडे जाऊन थांबला.

"अगं बाई..." तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

"थाळी वाकडी असेल," मागून येत हेतलबेन म्हणाली. तिने दगड जमिनीवर ठेवून पाहिला, तळहातावर घेऊन पाहिला. मग हळूच विचारलं, "तिकडे काय आहे?"

"मुरबाड... आमची वाडी." आणि रंजिताला रडूच फुटलं. गोट्याचं, कोनाड्याचं, आटलेल्या विहिरीचं सगळं तिने सांगून टाकलं.

एरवी लिलावाचा दगड म्हणजे हेतलबेनचा जीव की प्राण. पण तिने एकदा त्या थेंबाकडे बघितलं आणि स्वतःच्या हाताने कापसाची पेटी पुढे केली. "घेऊन जा. लिलाव मी थांबवते."

जीपमध्ये रंजिताने पेटी मांडीवर उघडीच ठेवली होती. किन्हवलीच्या वळणावर जीप वळली, तसा थेंब दगडात सरकला आणि वाडीच्या दिशेला लागला. तिला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त काहीतरी वाटत होतं. देवळात गाभाऱ्याशी गेल्यावर वाटतं ना, तसं.

वाडीत पोचली तेव्हा ऐन बाराची वेळ. काठावर हंडे घेऊन बायका बसलेल्या, वाकून विहिरीत बघत. जिवली आधीच खाली उतरली होती. पेटीतला थेंब थरथरत होता, चुलीवरच्या पाण्यासारखा.

रंजिताने दगड ओढणीत बांधला, गाठींचा दोर धरला आणि उतरली. खाली गारवा, ओल्या मातीचा वास. आणि खडकामागे कुणीतरी संथ श्वास घेतल्यासारखा आवाज.

"आये... कोनाड्यातला दगड मी..."

"ठावं हाय मला. नदीचा गोटा मी वळखनार नाय व्हय?"

"मग बोलली का नाय?"

"बोलत व्हते की. रोज त्या कोनाड्याला सांगत व्हते, तुजं तू घे, पन माजी पोर मला धाड." जिवलीने लेकीचा चेहरा खरखरीत हातांनी चाचपला. "ठेव आता. टाइम नको करू."

रंजिताने गोटा काढला आणि दगड ठेवला. खडकामागचा श्वास थांबला. मग तिच्या घोट्यांना गार स्पर्श झाला, आणि बघता बघता पाणी पोटऱ्यांना लागलं. दोघी हात जोडून उभ्या राहिल्या, भान हरपून.

"चढ, आये! तू आधी!"

जिवली वर गेली. मागून चढताना रंजिताचा पाय निसटला. पण खालून तिच्या टाचेला कशाचा तरी आधार मिळाला आणि ती वर आली. पाण्याचा जोर, तिने मनाशी म्हटलं. वर बायका हसत होत्या, रडत होत्या, हंडे भरत होत्या.

दुपारी चारला हेतलबेनचा फोन आला. आवाज अगदी दबलेला.

"रंजिता, सकाळचा तो व्हिडिओ मी मोठा करून बघितला. थेंबात दोन बायका दिसतात. दोर धरून चढतायत... खालची तू आहेस."

"सकाळी? मॅडम, मी तर बाराला उतरले..."

"तेच तर. आणि तुझ्या पायाखाली पाण्यात ती कोण आहे? हात वर केलेली?"

रंजिताने खाली पाहिलं. चैत्राच्या उन्हात तिचे कपडे केव्हाच कडक वाळले होते. उजवी टाच मात्र अजून ओली होती, आणि तिच्यावर उमटलेले कुणाच्या तरी हाताच्या पाच बोटांचे ठसे स्पष्ट मोजता येत होते.