चारवरची चिकटपट्टी

त्याला सगळे खरखरे म्हणत. हे त्याचं आडनाव नव्हतं, पण आता कुणी खऱ्या आडनावाने हाक मारली असती तर त्यानेच मागे वळून पाहिलं असतं, की हे कोण आलं म्हणून. गिटार असो की गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प, आवाजाचा नॉब फिरवला आणि खर्र खर्र झालं की माणसं त्याच्याकडे येत. बाकीच्या दुरुस्त्याही तो करी, पण नाव झालं ते या एका कामात. आणि नाव होणं म्हणजे दुसरं काय, तेच काम पुन्हा पुन्हा पुढ्यात येणं.

काम तसं अर्ध्या तासाचं. नॉबच्या मागे पत्र्याची एक छोटी डबी असते, तिला पॉट म्हणतात. आत घोड्याच्या नालासारखा काळा थर आणि त्यावर सरकणारी पितळेची बारीक जीभ. धूळ, घाम, सिगारेटचा धूर थरावर बसला की जीभ अडखळते, आणि ते अडखळणं स्पीकरमधून ऐकू येतं. डबीच्या फटीत स्प्रे मारायचा, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा फिरवायचा, झालं. गिऱ्हाईक कौतुक करू लागलं की खरखरे म्हणे, "घाण जात नाही हो, बाजूला सरकते फक्त." लोक हसत. त्यालाही आपलं हे वाक्य आवडे.

पुढच्या खोलीत दुकान, मागे घर आणि मध्ये पडदा. पडद्यामागून दिवसभर बायकोचा आवाज येई. पेपरातल्या बातम्या, शेजारणीचं सुनेशी वाजलं ते, डाळ कशी शिजता शिजत नाही ते. ती बोले, तो हं म्हणे. आवाजही असा खणखणीत की गिऱ्हाइकांना तिच्या बहिणीच्या पोराचे मार्क पाठ झालेले.

"तुझ्या आवाजाला नॉबच दिलेला नाही," तो म्हणे.

"दिला असता तर तुम्ही केव्हाच शून्यावर नेऊन ठेवला असता," ती आतून म्हणे.

खरं सांगायचं तर ती दोन दिवस बहिणीकडे गेली की सोल्डरिंग करताना त्याचा हात चुके. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

मंगळवारी दुपारी एक गृहस्थ अ‍ॅम्प घेऊन आला. उन्हाचे दिवस, तरी गळ्याभोवती मफलर. मान किंचित डावीकडे कललेली आणि तिथेच थिजलेली. त्याला कपाटाकडे बघायचं असलं की तो अख्खा वळे, पायांसकट. उशी चुकली असेल, खरखरेला वाटलं.

"वडिलांचा आहे," गृहस्थ म्हणाला. "नॉब खरखरतो. दोघांना दाखवला. त्यांनी हात लावला नाही."

"हात न लावायला काय झालं? उद्या घेऊन जा."

"तुमच्या मनाने काय ते करा. मी काही सांगितलेलं नाही, एवढं लक्षात असू द्या."

तो गेला. खरखरेने अ‍ॅम्प टेबलावर घेतला आणि पाहून हसला. आवाजाचा नॉब चारच्या आकड्यावर होता आणि त्यावर चिकटपट्टी लावलेली होती. हे तर नेहमीचंच. खरखर सुरू झाली की लोक दुरुस्ती करत नाहीत. इकडेतिकडे फिरवून एक बरी जागा शोधतात, तिथे पट्टी चिकटवतात आणि वर्षानुवर्षं तेवढ्याच आवाजात वाजवत बसतात. अशा पट्ट्या त्याने शेकड्याने काढल्या होत्या. त्या कुणी लावल्या, का लावल्या, हे या धंद्यात कुणी विचारत नाही.

ही पट्टी मात्र एक नव्हती. वर पारदर्शक, तिच्याखाली काळी, तिच्याखाली कापडी, आणि सगळ्यात खाली कागदाची, पिवळी पडलेली. त्या शेवटच्या पट्टीच्या डिंकाला एक लांब पांढरा केस चिकटला होता. खरखरेने नखाने सगळं खरवडलं आणि चोळामोळा करून केराच्या डब्यात टाकलं.

मग नेहमीच्या सवयीने त्याने आधी अ‍ॅम्प चालू करून नॉब फिरवला. खर्र... आणि त्याचा हात थांबला. खरखर नॉबबरोबर येत नव्हती. किंचित उशिरा येत होती. त्याने पुन्हा फिरवलं. कुणीतरी बोलायच्या आधी घसा साफ करावा तसा आवाज आला, आणि खोलीत जुन्या, बंद पेटीसारखा कुबट वास पसरला.

"काय म्हणालात?" बायकोने आतून विचारलं.

"कुठे काय."

त्याने अ‍ॅम्प बंद केला, उघडला, स्प्रे मारला आणि नॉब फिरवला. वीस नाही, चाळीस वेळा. पुन्हा चालू केला तेव्हा आवाज स्वच्छ होता, लोण्यासारखा. त्याला बरं वाटलं.

बुधवारी सकाळी त्याचा स्वतःचा अ‍ॅम्प खरखरायला लागला. दुकानातला, रोजच्या तपासणीचा, ज्याची काळजी तो पोटच्या पोरासारखी घेई. या वेळी घसा साफ करून झाला होता. नॉब चारच्या पुढे गेला आणि खरखरीत एक शब्द आला, पुरुषाचा, दबका.

"वाढवा..."

स्टेजवर वाजवणारा माणूस नॉबजवळ बसलेल्याला सांगतो, तसंच. खरखरेने घाईघाईने स्प्रे मारला. गेलं. तासाभराने संगीतशिक्षकाची गिटार हातात घेतली, तर तिच्या नॉबमध्ये तेच. "वाढवा... अजून थोडं." तीही साफ केली. संध्याकाळी बायकोने स्वयंपाकघरातून सांगितलं की रेडिओला काहीतरी झालंय, त्यात मघापासून कुणीतरी माणूस कुरकुरतोय.

आता खरखरेला भीती वाटली. पण माणसाला एकच काम येत असलं की भीती वाटली तरी तो तेच करतो. त्याने रेडिओ उघडला, पॉट साफ केला, घरातलं फिरवता येण्याजोगं जे जे होतं ते सगळं काढून धुतलं, पुसलं. गुरुवारी सकाळी त्याने एकेक नॉब फिरवून पाहिला. कुठेच काही नव्हतं. तो खुर्चीवर बसला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मोठा श्वास घेतला.

जेवायला बसले तेव्हा बायको बहिणीबद्दल सांगत होती. सांगता सांगता ती पाण्याच्या तांब्याकडे, उजवीकडे वळली.

खर्र.

तिचा आवाज तुटला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. झिजलेल्या पॉटमध्ये असते तशी मेलेली जागा. मग तिच्या हलत्या ओठांतून तो पुरुष बोलला, अगदी जवळून, "वाढवा... अजून... अजून."

तिने तांब्या उचलला, मान सरळ केली, आणि तिचाच खणखणीत आवाज पुढे सुरू झाला, "...म्हणून मी म्हटलं, तुझी तू ये. अहो, घास का थांबला तुमचा?"

"तू आत्ता... काय म्हणालीस?"

"सांगितलं ना, ती रविवारी येतेय. कान कुठे असतात तुमचे?"

तिला काहीच कळलं नव्हतं. त्याने तिची हनुवटी धरली. ती लाजली, म्हणाली, "हे काय भलतंच." त्याने तिची मान हळूच उजवीकडे फिरवली. खर्र. डावीकडे आणली. खर्र, खर्र. मग किंचित डावीकडे कलती अशी एक जागा सापडली. तिथे सगळं स्वच्छ होतं.

"इथेच राहा," तो म्हणाला. "मान हलवू नकोस. माझी शपथ आहे."

त्याच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, ती हसायची थांबली. तो उठून दुकानात गेला, स्प्रेचा डबा उचलला, आणि तसाच उभा राहिला. कुठे मारणार होता? त्याने डबा खाली ठेवला.

तेवढ्यात गृहस्थ आला. मफलर नव्हता. त्याने दारातूनच डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वर पंख्याकडे पाहिलं. लहान मूल नव्या घरात बघतं तसा तो सगळीकडे बघत होता.

"तुम्ही पट्टी काढलीत," तो म्हणाला.

"सगळेच काढतात."

"नाही. आधीच्या दोघांनी विचारलं, ही कुणी लावली, का लावली. मला खोटं बोलता येत नाही, मी सांगून टाकलं. तुम्ही विचारलं नाहीत." त्याने मान खाली घातली. "चारवर असलं की ते गप्प असतं. आणि मान हलवली नाही की माझ्यातही गप्प असायचं. एकोणीस वर्षं मी बायकोकडे मान वळवून पाहिलेलं नाही हो."

खरखरेने अ‍ॅम्प पुढे ओढला, नॉब चारवर नेला, चिकटपट्टीचा तुकडा तोडून त्यावर दाबला.

"आता तिथे काही नाही," गृहस्थ हळूच म्हणाला. "तुम्ही साफ केलंत. काम चांगलं आहे तुमचं."

"ते... माझ्यात येऊ दे. तिच्यात नको. कसं करायचं ते सांगा. हात जोडतो."

"माहीत असतं तर माझ्या वडिलांनी ते माझ्यात येऊ दिलं असतं का?"

तो अ‍ॅम्प न घेताच गेला. जाताना कोपऱ्यावर थांबून त्याने मागे वळून पाहिलं. गरज नव्हती, पण आता वळता येत होतं म्हणून.

संध्याकाळपर्यंत खरखरे बायकोसमोर स्टूल टाकून बसला. ती मान कलती ठेवून खुर्चीत बसली होती. त्याने तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि जन्मात पहिल्यांदा ती बराच वेळ काही बोलली नाही. ते त्याला सहन होईना.

"बोल की काहीतरी," तो म्हणाला.

"काय बोलू? भीती वाटतेय." थोड्या वेळाने ती म्हणाली, "अहो, मला झोप येतेय."

झोपेत माणूस कूस बदलतो. मान फिरते. दोघांच्याही मनात एकदमच आलं. खिडकीतला उजेड कमी होत होता. रात्र अजून पुढेच होती.

तो दुकानातून रुंद चिकटपट्टी घेऊन आला. एक टोक खुर्चीच्या पाठीला, दुसरं तिच्या मानेमागे, केसांवरून. "दुखतंय का?" त्याने विचारलं. "नाही," ती म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. पट्टी नीट बसली नव्हती, वाकडी गेली होती. पुन्हा लावावी म्हणून त्याने ती अलगद सोडवली आणि सवयीने दिव्याखाली धरून डिंक किती धरतोय ते पाहिलं.

तिचे केस काळेभोर होते. त्यांत अजून एकही पांढरा नव्हता, त्याचा तिला अभिमान होता. पट्टीला चिकटून एकच केस आला होता, लांब, पांढरा.