घट्टियाच्या पुलियावरचे तीन धक्के

बसा, बत्ती काही एवढ्यात येत नाही. मुक्ता, दार लोटून घे. हे आमच्याच कारखान्यातलं आहे, ऐकीव नाही.

डिसेंबर चौऱ्याण्णव, चौदा तारीख, बुधवार. मक्सी रोडवर आमच्याकडे विजेचे मीटर बनायचे. हादऱ्यांच्या टेबलावर तासन्‌तास हलवून पास केलेला माल आगरला पोचेपर्यंत फुटायचा. माल तपासणाऱ्या श्रीकांतला मीच म्हटलं, "अरे, टेबल एकसारखं हलतं, रस्ता तसा हलत नाही. धक्के मोजायचं यंत्र मीटरच्या पेटीत लाव आणि गाडीतून ने. झाकणाला स्क्रूनं कसू नकोस, झाकण आपलंआपणच थरथरतं. तळाला कस. आणि प्रत्येक खड्ड्याची वेळ वहीत लिही."

त्या यंत्रात कागदाची पट्टी सरकायची. धक्का बसला की पेन उडायचं; पेटीच्या फटीतून ते दिसायचं. जेवढा धक्का मोठा, तेवढी रेघ उंच.

"बरं," श्रीकांत म्हणाला. तेव्हा तो एवढंच बोलायचा. दिवाळीआधी त्याचा धाकटा भाऊ विहंग त्याच रस्त्यावर, घट्टियाच्या पुढच्या पुलियावर, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलावर, आमची मेटाडोर उलटून गेला होता. त्या दिवशी मालाबरोबर जायची पाळी खरं तर श्रीकांतची होती. तो रडला नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर आला, डबा उघडला, जेवला. मी त्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाला पाठवायला हवं होतं. सुचलंच नाही बघा.

सकाळी आगरला माल लागायचा, म्हणून रात्री अकराला निघाले. पुढे ड्रायव्हर भंवरलाल. मागे पेटीजवळ श्रीकांत, टॉर्च आणि वही घेऊन. फाटक, ब्रेकर, खड्डा... लिहीत गेला.

घट्टिया मागे पडलं. पुलियावर इंजिन तापलं. भंवरलालनं ते बंद केलं आणि डबा घेऊन हँडपंपाकडे गेला.

गाडी उभी. वारा नाही.

पेन उडालं.

श्रीकांतनं टॉर्च मारला. पट्टीवर उंच रेघ.

परत उडालं.

त्यानं पेटीवर हात ठेवला. पेटी हलत नव्हती. हाताखाली काहीच नाही... आणि तिसऱ्यांदा पेन उडालं, ते थेट पट्टीच्या कडेपर्यंत.

"विहंग?"

...

त्यानं वहीत लिहिलं: बारा एकतीस. गाडी उभी. तीन धक्के.

भंवरलाल परतला. "साब, किससे बात कर रहे थे?"

"किसी से नहीं. चलो."

काय म्हणतेस, मुक्ता? घाबरला नाही का? मीही तेच विचारलं. म्हणाला, "भय्यासाहेब, हाताला काही कळलंच नाही. पेटीचा हादरा नाही, माझाही नाही."

आगरला पेटी उघडली. मीटरची एकही काच तडकली नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी पट्टी टेबलावर पसरली. पुलियापर्यंत सगळं वहीशी जुळलं. मग ते तीन धक्के. तसल्या धक्क्यानं काचेचा चुरा व्हायला हवा होता.

आणि पुढे...

पेनात शाई होती. यंत्राला टिचकी मारून पाहिली, पेन उडालं. यंत्रातलं घड्याळ बरोबर होतं.

"रिपोर्टात काय लिहू?" श्रीकांतनं विचारलं.



पुलियापासून आगरपर्यंत चाळीस किलोमीटर. वहीत एकाहत्तर खड्डे. पट्टीवर एकही नाही. नुसती एक सरळ रेघ.