आखरावरचा लांबमान्या

दुर्गेश्वरी शाळेतून निघाली आणि तिची ओढणी एका बांबूच्या टोकाला अडकून निघून गेली. भलामोठा बांबू खांद्यावर आडवा घेऊन कुणीतरी वळलं होतं.

"अवो, मागं पाहाल का नाई?"

"मागं डोळे नाईत ना जी..." तो हसला. ओढणी मात्र त्यानं एकही धागा न उसवता सोडवली. ते आपल्या लक्षात आलं, याचाच तिला जास्त राग आला.

हा ओमेश्वर. मुर्री गावचा, नाटकांचे पडदे रंगवणारा. दिवाळीनंतरच्या मंडईसाठी, म्हणजे गावच्या जत्रेसाठी, गावानं यंदा लांब मानेचा डायनासोर करायचा ठरवलं होतं. कल्पना विज्ञान शिकवणाऱ्या दुर्गेश्वरीची, हात त्याचे. आणि डोकं... ते तर दुर्गेश्वरीचंच फिरायची वेळ आली होती.

त्यानं डायनासोरला लांबलचक पापण्या लावल्या.

"पापण्या कायले?"

"नजर मिळवाले लागते ना जी." आणि तो बघत राहिला तो तिच्याकडे!

मागच्या पडद्यावर त्यानं प्रतापगडचा डोंगर काढला. "तेव्हा ज्वालामुखी होते!" ती ओरडली. दुसऱ्या दिवशी त्याच डोंगरातून धूर निघत होता. तिनं कपाळावर हात मारून घेतला, आणि घरी जाऊन एकटीच हसली.

या जनावराच्या शेणाचे दगड चंद्रपूरकडे सापडले, त्यात धानाच्या नात्यातल्या गवताच्याही खुणा होत्या, हे तिनंच त्याला सांगितलं. झालं! पठ्ठ्यानं अख्ख्या डायनासोरला लवकर निघणाऱ्या हलक्या धानाची ताजी तणीस, म्हणजे पेंढा, गुंडाळली. सोनेरी, उंच... दिसत होता मात्र देखणा.

बाकी सगळं बोलायचा तो. जे बोलायला हवं तेवढं सोडून. मंडई म्हणजे सोयरिकी जुळायचे दिवस. बाबूजींनी, तिच्या वडिलांनी, देवरीचे पाहुणे बोलावले होते, तिला पाहायला. मंडई झाली की ओमेश्वर नाटकवाल्यांबरोबर पुढच्या गावी जाणार. एक शब्द बोलला असता, तर ती बाबूजींशी भांडली असती. पण आपण होऊन सांगायचं? छे!

मंडईच्या आदल्या दिवशी गायगोधन, गुरांचा सण. सजवलेली गुरं वाजतगाजत आखरावर आली, गावची गुरं जमतात त्या मैदानावर. आणि मंडईही तिथंच भरायची म्हणून तिथंच उभा होता... लांबमान्या!

दुर्गेश्वरी धावत पोचली तोवर गुरांनी त्याचे पाय खाऊन संपवले होते. मोरपिसं बांधलेली एक म्हैस शेपटी ओढत होती. मान वाकून खाली आली आणि तिच्यावरही चार बैल तुटून पडले. पापण्या तेवढ्या राहिल्या.

"तणीस! गायगोधनाले! आखरावर!" तिला धाप लागली. "तुमाले समजत नाई?"

"मालूम होतं जी," ओमेश्वर खाली बघत म्हणाला.

"मालूम होतं? मंग बोलले काऊन नाई?"

"काम पुरं झालं असतं ना... मंग मी इथं कायच्या नावानं राहिलो असतो?"

तिच्या छातीत धडधडलं. आनंदानं, आणि त्याहून जास्त संतापानं.

"हे असं सांगतेत? गुरांच्या तोंडून? उद्या मले पाहाले पाहुणे येऊन राहिले!"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "मंग... मी आता काय करू जी?"

अजूनही तिलाच विचारत होता! दुर्गेश्वरीनं त्याच्या केसांतली तणीस झटकली, मनगट धरलं आणि साऱ्या गावादेखत त्याला ओढत बाबूजींपुढे उभं केलं. बाबूजी बैलाच्या शिंगाला झेंडूची माळ बांधत होते.

"बाबूजी, पाहुण्यायले नाई म्हणा. लांबमान्या पुन्हा बनवाचा आहे."

"त्याच्यासाठी पाहुणे कायले थांबवाचे?"

"त्याच्यासाठी नाई." तिनं मनगट सोडलं नव्हतं. "बनवणाऱ्यासाठी."

बाबूजींनी ओमेश्वरकडे पाहिलं, मग तणीस चघळणाऱ्या आपल्या बैलाकडे.

"आता तणीस बांधू नको बाबू," ते म्हणाले. "आणि उद्या घरच्यायले घेऊन ये."